पाच हॉर्सपॉवर आणि एक जबाबदार पुरुष

धर्मापुरी, सोमवार

तीर्थस्वरूप कल्याणमामांस शिवकांताचे शरणार्थ.

तुमच्या गुडघ्यांना उतार असावा. आम्ही बरे आहोत. टँकर आठवड्यातून दोनदा येतो, तेव्हा ही चौकशी कोरड्या घशानेच करते आहे. "यंत्राचं काम बायकांना कावून?" असं तुम्ही विचारलंत. अख्खा कडबा टाकला तर जनावर देठ सोडतं. बारीक कुट्टी केली तर सगळं खातं. गावातला कडबा दहा दिवस पुरेल, कुट्टी करून पंधरा. म्हणून आमच्या महिला सहकारी संस्थेने कुट्टीयंत्र घेतलं. (मध्यंतरी शहरातून एक बाई आमची 'प्रेरणा' मोजायला आल्या होत्या. अध्यक्षा वच्छलाबाई म्हणाल्या, "म्हस उपाशी हाय. लिवा." त्यांच्या फॉर्मात तसा रकाना नव्हता.)

अडलं विजेवर. थ्री-फेज जोडणीच्या तपासणीला वीज कंपनीचे साहेब आले. मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमाधारक, हातात टेस्टर घेऊन समोर उभी. साहेबांनी मला चहा आणायला सांगितला आणि यंत्र सुरू व्हायच्या आधीच पेंढ्या घेऊन आलेल्या आश्रुबांना विचारलं, "मोटर किती एचपीची?" आश्रुबा माझ्याकडे बघायचे, मी उत्तर द्यायची, ते मान डोलवायचे, साहेब "बरोबर" म्हणून लिहून घ्यायचे. अर्थिंग किती खोल, या प्रश्नाला तर आश्रुबांनी माझ्या उत्तराआधीच मान डोलवली. अहवालात आलं: 'यंत्रचालक आश्रुबा, अनुभवी.' (घरातल्या दिव्याचं बटण त्यांना बायको दाखवते.)

दुसऱ्या दिवसापासून आश्रुबा यंत्राजवळ खुर्ची टाकून बसू लागले. "पट्टा ढिला हाय, बाई." पट्टा ताठ होता. वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमी पेंढ्या उचला, आश्रुबा. पट्टा आमी बघताव." ते रुसून आष्टीला लेकीकडे गेले.

आता गुरुवारी अखेरची तपासणी आहे. यंत्रचालक किंवा दुसरा जबाबदार पुरुष हजर नसेल तर जोडणी नाही. मी अहवालात दुरुस्ती मागितली. दुरुस्तीच्या अर्जावर यंत्रचालकाची सही लागते.

आपली भाची,
शिवकांता

ता.क. : गुरुवारी पहिल्या एसटीने या. इस्त्रीचा शर्ट घाला. साहेबांनी विचारलं की माझ्याकडे बघा आणि मान डोलवा. आपणहून बोलू नका. विजेतलं तुम्हाला थोडं कळतं, तेच धोक्याचं आहे.

आणखी ता.क. : मामींना आणा. त्या यंत्र शिकणार आहेत. तुमच्या वडवणीत अशाच संस्थेसाठी त्यांनी अकरा बायका जमवल्या आहेत, तिथल्या अध्यक्षा त्याच. तुम्हाला हे कळवायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. पत्र वाचून झालं की वर बघा. समोर त्याच उभ्या असतील.