उपाशीपोटीची साखर

१२ जानेवारी

ती. अक्कास,
बापूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझा गुडघा आता वळत असेल. माझी बातमी अशी की मधुमेहाच्या गोळ्या मी दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं की ते नाहीच म्हणतात. चालून चालून पोट उतरलं. छापखान्यातली मंडळी मला वाळवण म्हणतात.

रात्री साखर बेताची असते. सकाळी उपाशीपोटी मात्र आधी एकशेवीस, मग एकशेपन्नास, परवा एकशेऐंशी. झोपेत तर मी काही खात नाही, मग ही येते कुठून? उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला माझा, चूक कुठे दडते ते मला कळतं. घरात स्वयंपाक कोण करतं, ते तुला सांगायला नको. तूच तिला विचारून बघ. माझं बोलणं ती हसण्यावारी नेते.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
बापू

२० जानेवारी

प्रिय वहिनी,
अनेक आशीर्वाद.

बापूचं पत्र आलं. राग मानू नकोस, पण माणूस वाळत चाललाय आणि साखर चढतेच आहे म्हणे. मायेपोटी बायका चमचाभर गोड लपवून घालतात; मीही यांच्या चहात घालायचे. तुझं अर्धं लक्ष शिवणात, चुकून हात पडत असेल. तसं असेल तर बंद कर. बापू तापट आहे, पण उगाच कुणावर आळ घेणारा नाही.

मनात काही ठेवू नये.
तुझी,
अक्का

३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

गोळ्या पुन्हा सुरू करा, म्हणून मी रोज त्यांच्या मागे होते. त्यावर ते म्हणाले, तुला मी आजारीच हवाय. मग स्वयंपाकघरातले डबे कपाटात गेले, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली त्यांच्या खिशात.

रविवारी त्यांनी मी केलेलं सूप बाटलीत भरलं आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे नेलं. ते पूर्वी प्रयोगशाळेत कामाला होते, म्हणून यात काय घातलंय ते तपासून द्या, असं यांनी त्यांना सांगितलं. ते गृहस्थ बिचारे संध्याकाळी बाटली परत घेऊन आले, माझ्याच हातात दिली आणि मान खाली घालून जिना उतरले. मी बाटली घासून पालथी घातली. शिलाई मशीन रिक्षात चढवलं आणि धाकट्या बहिणीकडे आले.

चुकून हात पडत असेल, असं तुम्ही लिहिलंत. निदान तुम्ही तरी आधी मला विचाराल, असं वाटलं होतं.

आशीर्वाद असावा.
आपली,
वहिनी

२ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

साखर सकाळी दोनशेसाठवर गेली. डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली. एका पुस्तकावर लेखकाचंच नाव चुकीचं छापलं गेलं, मला दिसलं नाही. मालकांनी चारचौघांत झापलं. तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, पहाटे यकृत आपणहून रक्तात साखर सोडतं, पोट रिकामं असलं तरी. गोळी त्याला आवर घालत होती, ती तुम्ही काढलीत. रात्रीच्या सुपाचा यात काही हात नाही.

थोडक्यात, दोष यकृताचा निघाला. गोळ्या पुन्हा घेतोय, आकडा उतरतोय. माझ्या मनात आता तिच्याबद्दल काही नाही, तिने यावं, असं तिला कळव. मी स्वतः लिहिणं बरं दिसणार नाही. घर खायला उठतं.

सांभाळून घे.
तुझा,
बापू

१५ मार्च

ती. वन्संना,
नमस्कार.

यांचं पत्र तुम्ही तसंच पाकिटात घालून पाठवलंत. ते बरे होताहेत, हे वाचून मनावरचं ओझं उतरलं. डोळे तपासून घ्यायला सांगा, टाळाटाळ करतील.

त्यांच्या मनात आता काही नाही, असं ते लिहितात. माझ्या मनात आहे. दोष यकृताचा निघाला नसता तर मी आजही चोरच असते ना? आणि तुम्हाला ते पटलंही असतं.

मी येणार नाही. इथे खोली लहान आहे, पण मशीन खिडकीशी बसतं, पडद्यांची कामं मिळतात. जेवणानंतरची गोळी ते विसरतात. रोज मी आठवण करून द्यायचे. ते काम आता तुमच्याकडे.

शेवटी लोभाची एक ओळ लिहायची असते. या वेळी लिहीत नाही.
वहिनी