एका डोळ्याला सत्त्याहत्तर लिटर

हट्टा, ता. वसमत
६ जानेवारी २०२५

चि. हरीश यास दादाचे अ. आ., वि. वि.

येथील सर्व क्षेम. हळद काढणीला आली आहे. फोनवर तू ‘बरं दादा’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून शाई खर्चतो. शिवाय आईला पत्र ऐकायला आवडते. चौथीपर्यंत शिकलेली बाई ती, पण दोन वर्षे झाली, अक्षर दिसत नाही.

तू गाडी घेतल्याचे कळले. फोटो अख्ख्या गावाच्या मोबाइलवर फिरला. लाल, बुटकी, चौदा वर्षे वापरलेली, आणि आसने दोन! संस्कृतातले द्विवचन मी तीस वर्षे शिकवतो आहे आणि पोरं विचारतात, सर, हे लागतं कुठं? आता तुझा दाखला देईन. गावाचा प्रश्न मात्र एकच आहे, किती देते? तो शेजारच्या सुदामच्या नव्या ट्रॅक्टरलाही चुकला नव्हता. खरा आकडा कळव.

काळजी आईची. उजवा मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे. महिनाभरात काढला नाही तर दाब वाढून डोळाच जाईल, असे डॉक्टर म्हणाले. डावाही मागोमाग आहेच. आई ‘व्हय, व्हय’ म्हणते आणि जागची हलत नाही. गेल्या साली नांदेडला नेले तेव्हा तू नव्हतास, म्हणून सांगतो. दवाखान्यात माणसाने एकटे जाणे आपल्याकडे बरे दिसत नाही, त्यामुळे जीपमध्ये सोबतीला नऊ जण. ऑपरेशनच्या दारातच जिवनआत्याला कुणा विहिणीचा बिघडलेला डोळा आठवला. नऊ जणांची सहा मते पडली आणि मंडळी साड्या घेऊन परत आली. डोळा तसाच.

लोभ असो, आणि तो तुझ्या गाडीपेक्षा लांब पल्ल्याचा असो.

तुझा,
संतराम

पुणे
१४ जानेवारी

ती. दादांस शि. सा. न., वि. वि.

आकडा मागितलात, देतो. पण एवढा मजकूर आईला वाचून दाखवू नका. शहरात लिटरला सात. मोठ्या रस्त्यावर, पाय जपून ठेवला तर, अकरा. साध्या पेट्रोलवर इंजिन कुरकुरते, म्हणून महागडे घालतो. विमा वर्षाला पासष्ट हजार. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या मापाची, त्यामुळे टायर अदलाबदल करून झिजवता येत नाहीत. प्रियंका म्हणते, एवढ्यात एक माणूस पोसला असता आणि त्याने भांडी तरी घासली असती. कंबर धरते म्हणून ती त्यात बसतही नाही. गिऱ्हाईक लागले आहे, महिनाअखेर देऊन टाकीन. घेताना मनात एक होते, पण तुम्ही हसाल.

आईला इकडे आणू. ओळखीच्या डॉक्टरांकडे २७ तारीख घेतली आहे. मोठी गाडी प्रियंकाच्या नोकरीला लागते, म्हणून मी हीच घेऊन येतो. अडचण एवढीच की सोबत कुणालाच आणता येणार नाही. आई एकटी निघेल असे वाटत नाही. तुम्ही बोलून पाहा.

वहिनींस नमस्कार. रागावलात तरी आशीर्वाद कमी करू नयेत.

आपला,
हरीश

हट्टा
२० जानेवारी

चि. हरीश यास अ. आ., वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवले. सात आणि अकरा हे आकडे मी खोकल्यात जिरवले. खोकला काहून आला, असे तिने विचारलेच.

बातमी ऐकून जिवनआत्या पिशवी भरून हजर. दोनच आसने आहेत म्हटल्यावर म्हणाली, मी मागं बसते. मागं इंजिन आहे म्हटले, तर म्हणाली, मग इंजिन पुढं घ्या म्हणावं. सुदामने जीप काढून मागोमाग येण्याची तयारी दाखवली, त्यात आणखी सात जण. आई लसूण सोलत बसली होती. तिने मला विचारले, त्यात खरंच दोनच बसतेत का? व्हय म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले. मग हातातला लसूण खाली ठेवून म्हणाली,

“मग येते मी. मागच्या बारीला नऊ जणांनी माझ्या डोळ्याचं ठरवलं. मला कुणी इचारलंच न्हाई.”

त्या नऊ जणांत मी होतो. सुदामकडे, म्हणजे त्याच्या आवाजाकडे, तिने असे पाहिले की तो हळद शिजवायला निघून गेला. तू वेळेवर ये. मन बदलायचे तर गावात सल्लागार पुष्कळ आहेत.

लोभ आहेच, टाकी भरून ये.

संतराम

पुणे
३० जानेवारी

ती. दादांस शि. सा. न., वि. वि.

ऑपरेशन झाले, पट्टी काढली. पहिले तिला माझे पिकलेले केस दिसले. म्हणाली, हे कधी झालं?

जाऊन-येऊन साडेआठशे किलोमीटर, सत्त्याहत्तर लिटर, साडेआठ हजार. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे पोट घासले, त्याचा खर्च वेगळा. आई बसली सहज, पण उतरेना. माजलगावला चहाला थांबलो तेव्हा दोघी बायांनी तिला धरून काढले. भोवती जमलेल्यांपैकी एकाने विचारले, किती देती? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, दोघांना जागा देती.

घेताना मनात होते ते आता लिहितो. शेजारी बसून कुणीतरी विचारावे, केवढ्या जोरात चाललो आपण? आईने बीडपासून सात वेळा विचारले. गिऱ्हाईक उद्या येणार आहे.

लोभाची वाढ व्हावी, खर्चाची पुरे झाली.

हरीश

हट्टा
५ फेब्रुवारी

चि. हरीश यास अ. आ., वि. वि.

नांदेडचा हिशेब काढला. जीपभाडे, नऊ जणांची जेवणे, सहा साड्या, मिळून अकरा हजार. डोळे, शून्य. तुझे साडेआठ हजार, डोळा एक. एका डोळ्याला सत्त्याहत्तर लिटर, इतके मायलेज हट्ट्यात अजून कुणाला पडलेले नाही. चेष्टा केली, ती परत घेतो, निम्मीच. गिऱ्हाइकाचे काय झाले?

लोभ वाढवत राहा.

संतराम

पुणे
११ फेब्रुवारी

संतरामास आशीर्वाद.

हे माझं मी लिहून राहिले. रेघ वाकडी जाती, पण जाती ते दिसतं. तुझी पत्रं हरीशच्या टेबलावर व्हती, समदी वाचली. खोकला काहून आला व्हता ते आता कळलं. सात आन् अकरा.

गिऱ्हाईक आलता. मी त्याला च्या पाजून वापस लावला. डावा डोळा बाकी हाये. जिवनबाईला सांग, शेजारची शीट भरलेली हाये, तिथं मी बसणार.

डोळा झाल्यावर गाडीचं काय करायचं ते हरीशनं ठरवावं. नऊ जणांना इचारू नये.

हरीशनं तुला लिहिलेली पत्रं फेकू नको. हट्ट्याला आले की तू काय काय गाळलं ते बघणार हाये.

तुझी आई,
मंजुळाबाई