बोक्याचे दात आणि तुमची साखर

बाबा, तुम्हाला मांजरं आवडत नसत, तेव्हा आधीच सांगून टाकते की हे सगळं एका बोक्याबद्दल आहे. तो माझा नाही, आत्याचा आहे. तुमची धाकटी बहीण गेली काही वर्षं माझ्याकडे राहते, आणि तिच्या सामानाबरोबर हा पिवळा बोकाही आला. त्याला मधुमेह आहे. चष्मा नाकावर ओढून माझ्याकडे पाहू नका. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मीही त्यांच्याकडे तसंच पाहिलं होतं. म्हटलं, मांजराला मधुमेह, मग उद्या कावळ्याला रक्तदाब निघेल. त्या तरुण आहेत, पण हसल्या नाहीत. त्यांनी बोक्याच्या कानाच्या कडेला बारीक सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्याचं खाणं झालं की मी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरते आणि इन्सुलिन देते. तुम्हाला देण्यापेक्षा याला देणं सोपं. तो निदान बाटलीवरची तारीख वाचून दाखवायला सांगत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि त्याने खाणं सोडलं. ताटलीपाशी यायचा, वास घ्यायचा, एक घास तोंडात धरून मान वाकडी करायचा आणि टाकून द्यायचा. तोंडाला घाण वास, हनुवटीवर लाळ. डॉक्टरीणबाईंनी ओठ वर करून दाखवला तर मागचे दात किडलेले आणि हिरड्या लालबुंद. दात काढायला हवेत, त्यासाठी पूर्ण भूल द्यायला हवी, आणि साखर इतकी चढलेली असताना भूल देणं धोक्याचं. दात असेपर्यंत तो धड खाणार नाही, धड खाल्लं नाही तर इन्सुलिन कसं द्यायचं हा प्रश्न. एकूण सगळं एकात एक अडकलेलं. आत्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "हा गेला तर मी दिवसभर बोलू कुणाशी? तू तर बोलण्यातून नुसत्या चुका काढतेस." मी चूक काढली नाही. मलाही तो जायला नको होता, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं होतं, "घरात कोणी त्याला गुपचूप काही देत तर नाही ना?"

हा प्रश्न तुमच्या मुलीला विचारायचा नसतो. तुम्ही वजनमापे खात्यात निरीक्षक. मंडईत तुम्ही लांबून दिसलात की काटे आपोआप सरळ होतात, असं आई म्हणायची. आणि घरी आलेली प्रत्येक वस्तू तुमच्या तराजूत पुन्हा बसायची. मला एक संध्याकाळ अजून दिसते. मी वाण्याकडून साखर घेऊन आले आहे, तुम्ही ऑफिसचे कपडेही बदललेले नाहीत, ओट्यावर पुडी सोडून तुम्ही साखर तोलता आणि मग रिकामा कागद तोलता. "कागद साखरेच्या भावाने विकत आणलास," तुम्ही म्हणता. मी रडवेली. आई कढईत काहीतरी उगाच ढवळते आहे. तुम्ही मला परत पाठवता, आणि वाणी चिमूटभर साखर वर घालून देतो. दहावीला मला घड्याळ दिलंत, तेही आठवडाभर रेडिओच्या वेळेशी ताडून पाहून. तुमचं म्हणणं एकच असायचं, कुणाला विचारायचं नाही, तपासायचं. विचारलं की माणूस सावध होतो. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, तेव्हा परीक्षेला माझ्या वर्गावर पहारा असला की मुलं मान वर करत नसत. हे सगळं तुमच्याकडूनच आलं.

तेव्हा मी तपासायला लागले. दुधाच्या पातेल्यावर आतून पेन्सिलीने खूण केली. बिस्किटांचा डबा माझ्या कपाटात गेला. तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, ते पार्किंगमध्ये भटक्या मांजरांना दूधभात ठेवतात. त्यांच्यावर माझा पहिला संशय. त्यांना तोंडावर काय बोलायचं, म्हणून जिन्यात पाटी लावली, 'या बोक्यास मधुमेह आहे. प्रेम करायचे असल्यास लांबून करावे.' दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'कळले. तो आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे दूध पातळ असते.' मग पोळ्यांच्या बाईंकडे वळले. त्यांना मी आडून आडून विचारलं, कणकेला लावायचं तूप हल्ली लवकर कसं संपतं. त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, "ताई, माझ्या पोळीला तुमचा बोका तोंड लावत नाही. तुम्हीच लावता." उरली आत्या. ती दुपारी पडली की बोका तिच्या पोटाशी असतो, आणि दुपारनंतरच त्याची साखर चढलेली दिसायची. एकदा ती झोपली आहे असं समजून मी तिच्या पदराचा वास घेतला. तिने डोळे न उघडता विचारलं, "काय गं, आता कुत्री व्हायचं ठरवलंस का?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, बोक्याशी मात्र माझ्याबद्दल बोलत राहिली. मी ते दाराआडून ऐकलं, पण त्यातही कबुली नव्हती.

सगळे निर्दोष निघाल्याने मी वैतागून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मलाही आता वाटतंय की कोणी काही देत नाहीये. हिरड्यांत पू आहे ना, तोच असेल. अंगात असा संसर्ग मुरला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. काही गोड न खाताही साखर वर राहते." खरं सांगायचं तर मला आधी त्यांचाच संशय आला. ज्यांना दात काढायचेत त्या दातांनाच दोष देणार. म्हणून मी उलट विचारलं, "हे फक्त मांजरांतच होतं?" त्या म्हणाल्या, "नाही, माणसांतही होतं. हिरड्या बिघडल्या की मधुमेह बिघडतो." मी बोक्याला टोपलीत घातलं, झाकणाची कडी लावली, आणि मग तिथल्या बाकावर बसून राहिले. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, मला थोडं बसू द्या.

कारण बाबा, तुमची शेवटची वर्षं. तुम्ही एकाच बाजूने चावत होतात. भाकरी वरणात बुडवून मऊ करत होतात, सुपारी सोडली होतीत. दातांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की, "काढायचा नसलेलाही काढतील," असं म्हणून विषय बंद. साखर तर कधी खाली आलीच नाही. एका प्रयोगशाळेचा आकडा पाहून तुम्ही दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलात, तिथेही तोच आला, तेव्हा म्हणालात की दोन्ही काटे खोटे आहेत. आणि आम्ही? आई तुमचा सदरा धुण्याआधी खिसे उलटे करून पाहायची. मी डबे वरच्या फळीवर ठेवले, जिथे तुमचा हात पोचत नव्हता. दिवाळीत पाहुण्यांसमोर फराळाचं ताट तुमच्या पुढ्यातून उचललं, ते मीच. तुम्ही दर वेळी एकच वाक्य बोलायचात, "मी काही खाल्लेलं नाही." आवाज न चढवता. आमच्या घरात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची पद्धतच नव्हती, ती तुम्हीच पडू दिली नव्हतीत. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही खरं बोलत असाल, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही.

पण बोक्याचं पुढे सरकत होतं. त्याला जंतुसंसर्गावरचं औषध सुरू झालं. ते पाजताना त्याने माझ्या मनगटावर नकाशे काढले. टोपली हॉलमध्येच उघडी ठेवायची, आत आत्याचं जुनं लुगडं अंथरायचं, म्हणजे ऐनवेळी तो बिथरणार नाही, असं सांगितलं होतं. आठवड्याभरात तो टोपलीत झोपायला लागला. साखर हळूहळू उतरली. मी तरीही रोज पातेल्यावरची खूण पाहत होते, सवय जात नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दिवस ठरवला. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, सकाळी इन्सुलिन निम्मंच, आणि पहिला नंबर त्याचा. पोट पूर्ण रिकामं हवं, नाहीतर भुलीत उलटी होऊन श्वासात जायची भीती. त्या सकाळी मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आत्याला सांगितलं, तू त्याच्याजवळ जायचं नाहीस. पोळ्यांच्या बाईंना सुट्टी दिली. आत्याने लांबूनच त्याला नमस्कार केला. मांजराला नमस्कार करणारी ही पहिलीच बाई मी पाहिली.

निघताना ती वाटी घेऊन दारात उभी. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर, हे तुमच्या घरातलंच. मी म्हटलं, अगं रिक्षा थांबलीये. ती म्हणाली, "परीक्षेला जाताना घ्यायचीस, आता काय झालं?" मी तळहात पुढे केला, चाटला, टोपली उचलली आणि खाली आले. रिक्षा सुरू झाल्याबरोबर बोक्याने असं ओरडायला सुरुवात केली की रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं. मी हात जाळीला लावला, बोटं आत घातली. तो गप्प झाला. माझा तळहात चाटायला लागला, अगदी मन लावून. बाबा, हा प्राणी इतक्या वर्षांत माझ्या वाटेला आपण होऊन आला नव्हता. सिग्नलला रिक्षा उभी आहे, भोवती हॉर्न वाजताहेत, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलंय. मला वाटलं, बसला शेवटी याचा माझ्यावर विश्वास.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, "काहीही नाही. मी स्वतः पहारा दिलाय." त्यांनी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि मिशांवरचं पांढरं बोटाने पुसून मला दाखवलं. मी माझ्या तळहाताकडे पाहिलं. तो अजून चिकट होता. काय सांगावं, बोक्याला जाऊ दे, त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं की तू सकाळपासून काही खाल्लंस का, तर मीही नाहीच म्हटलं असतं, आणि देवाशपथ म्हटलं असतं. हातावर दही-साखर घेतली ती खाल्ली, असं कोण म्हणतं? डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "माझी आई अजून देते," म्हणाल्या. "चाटण्यापुरतंच आहे, पण दुपारपर्यंत थांबू या. साखर पुन्हा बघते आणि मगच घेते." मी बाहेर बसले. घरातल्या प्रत्येकावर नजर ठेवून चोर शेवटी मीच निघाले होते, पण लाज वाटायलाही वेळ नव्हता, इतकी भीती वाटत होती. त्याचं काही झालं असतं तर आत्याला तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार.

काही झालं नाही. दुपार टळल्यावर तो शुद्धीवर आला, जीभ बाहेर, नजर माझ्यावर, आणि नजरेत काडीचाही विश्वास नाही. आता तो खातो, साखर उतरते आहे, इन्सुलिन कमी करायचं चाललंय. घरी आल्यावर मी आत्याला दह्याचं सांगितलं. तिला काही वाटलं नाही. "शकुनाचं ते. त्याला कोणी खाणं धरतं का?" मग मी विचारलं, बाबा रोज संध्याकाळी देवळात जायचे, तिथे पुजारी प्रसादाचा पेढा हातावर ठेवायचे ना? ती बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मी काही दादाबरोबर जात नव्हते. तुला जे ठरवायचंय ते ठरव."

म्हणून हे लिहायला बसले, आणि ठरत नाहीये. एक तर तुमच्या दातांनीच साखर चढवली, तुम्ही खरंच काही खाल्लं नव्हतं, आणि आम्ही पाहुण्यांदेखत तुमच्या पुढचं ताट उचललं. नाहीतर तुम्ही रोज देवळात डोळे मिटून पेढा खात होतात, प्रसाद म्हणून, आणि घरी येऊन अगदी प्रामाणिकपणे नाही म्हणत होतात. पुरावा कशालाच नाही. तुम्ही असतात तर पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं असतंत. मला ते जमत नाही. हे पाठवायचं तरी कुठे, त्यामुळे निदान इथे तरी लिहून टाकते, की निर्दोष असलेले तुम्ही मला नको आहात. तो पेढा तुम्ही खाल्लेलाच असू दे, रोज, आणि अख्खा.