टग्यांचा हंगाम आणि गॅरेजची कडी

टोलेडो,
मंगळवार, तीस डिसेंबर

प्रिय लोरेटा,

थोरल्या बहिणीला पत्र लिहिताना आधी तब्येत विचारायची आणि मग आपलं रडगाणं गायचं, हे आईने शिकवलेलं मी विसरलेलो नाही. तेव्हा सांग, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? थेंब वेळेवर टाकतेस ना? पॉला तुझी काळजी घेते, की तूच अजून लेकीच्या मागे डबा घेऊन धावतेस? ॲरिझोनात म्हणे डिसेंबरात लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरतात. माणसाने कुठवर सुखात राहावं यालाही काही मर्यादा असावी. इकडे मी ठीक आहे. (म्हणजे उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना डावा. तळघरातली घर गरम करणारी भट्टी महिनाभर खोकते आहे. बाकी मजेत.) फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून काहीही नको आहे, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे तू निर्धास्त वाचशील.

तुला बातम्या कळत असतीलच, तरी आपल्या टग्यांच्या हंगामाची हकिकत घरच्या माणसाकडून ऐकावी. आपल्या फुटबॉल संघाचं टोलेडो टग्ज हे नाव बंदरात जहाजं ओढणाऱ्या बोटींवरून ठेवलं असलं तरी डॅडनी त्यांना जन्मभर टगेच म्हटलं आणि ते आडनावासारखं त्यांना चिकटलं. तर या टग्यांनी सप्टेंबरात पहिले तीन सामने ओळीने जिंकले. गावाला वेड लागलं. केशकर्तनालयात लोक बोटीच्या आकाराचे केस कापून घ्यायला लागले. आपल्या मागच्या रांगेतला मर्व्ह (शेजारचाच मर्व्ह, त्याच्यापासून ना घरी सुटका ना स्टेडियमात) माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बघ यूजीन, पनवती ॲरिझोनाला गेली आणि आपलं नशीब उघडलं!" मी हसलो. त्या हसण्याबद्दल पुढे लिहितो, विसरलो तर आठवण कर.

मग सलग पाच हरले. कसे हरले ते ऐक. चौथ्या सामन्यात चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकच्या पायाचा अंगठा मोडला, तोही मैदानात नाही, घरी, कपडे धुण्याच्या मशीनला लाथ मारताना. पाचव्यात त्याच्या जागी आलेल्याने चेंडू इतका अचूक फेकला की समोरच्या संघाचा माणूस न हलता तो झेलू शकला. सहाव्यात आपण जिंकत होतो, पण गुण मिळाला की वाजतो तो बोटीचा भोंगा वाजला आणि थांबेचना. अकरा मिनिटं भोंगा चालू. कुणाला कुणाचं ऐकू येईना, आपले खेळाडू एकमेकांवर आदळत राहिले आणि समोरचे खाणाखुणा करून जिंकून गेले. सातवा आणि आठवा मी सांगत नाही. मला रक्तदाब आहे.

हरायला लागल्यावर माणूस काय काय करतो! बाहेरगावच्या सामन्यांना मी घरी टीव्हीपुढे बसतो, तेव्हा शेवटच्या मिनिटांत कुणाला तरी गॅरेजमध्ये उभं करायला हवं, ही आपल्या घरची रीत. तू नाहीस. मग मर्व्हला पाठवला. सामना हरलो. नंतर कळलं की त्याने तिथे डॅडचा जुना रेडिओ शोधून काढला आणि खुशाल ऐकत बसला होता. म्हटलं, "अरे, तुला न ऐकण्यासाठी पाठवलं होतं!" तर म्हणतो, "मग लोरेटा इतकी वर्षं तिथे करायची तरी काय रे?" पुढच्या वेळी मी स्वतः जाऊन उभा राहिलो. लोरेटा, तिथे फार थंडी असते गं. आणि काही दिसत नाही. घरातून आवाज येतो, पण तो आनंदाचा की दुःखाचा ते भिंतीतून कळत नाही. मी चारच मिनिटं होतो.

त्यानंतर टग्यांना काय झालं कोण जाणे, चार जिंकले. मग तीन हरले. परवा रविवारी एक जिंकले, तेही समोरच्याने चेंडू स्वतःच्याच माणसाच्या डोक्यावर मारला म्हणून. सोळा सामन्यांत आठ जिंकले, आठ हरले. आता एकच उरलाय, या रविवारी दुपारी एकला, आपल्याच मैदानात. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर घरी. खरं सांगू? मी थकलोय. हरणाऱ्या संघाचं बरं असतं, माणूस नोव्हेंबरातच मोकळा होऊन भट्टी दुरुस्त करायला घेतो. हे टगे धड मारतही नाहीत आणि धड जगूही देत नाहीत.

स्टेडियमच्या गाडीतळावरची सामन्याआधीची न्याहारी चालूच आहे. दहा वाजता मर्व्ह शेगडी पेटवतो, सॉसेज भाजतो. आंबवलेली कोबी यंदा मी केली. मर्व्हने एक घास घेतला आणि विचारलं, "ही कोबी आहे, की बर्फावर टाकायचं रस्त्यावरचं मीठ?" बाकीच्यांनी खाल्ली, पण गप्प बसून. तुझ्या कोबीच्या वेळी इतकी शांतता नसायची. स्टेडियमात तुझी सात नंबरची खुर्ची मी कुणाला दिलेली नाही. तिच्यावर डॅडची लोकरीची टोपी आणि माझे हातमोजे बसतात. ऑक्टोबरात एक जाडजूड गृहस्थ विचारत आले, "कुणी आहे का इथे?" मी म्हटलं, "आहे, बाहेर गेलीय." सवयीने तोंडातून निघून गेलं.

कारण तू कायम बाहेरच गेलेली असायचीस. परवा मी बसल्या बसल्या आठवत होतो. एकाहत्तर साली तू नऊ वर्षांची, डॅडनी तुला गॅरेजमधून बियर आणायला धाडलं आणि तेवढ्यात टग्यांनी बावन्न यार्डांवरून लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून काढला. सामना खिशात. तू बाटली घेऊन आलीस, तर डॅड आनंदाने ओरडले, "सापडली! पनवती सापडली!" सगळे हसले, तूही हसलीस. त्या दिवसापासून शेवटची लाथ मारायची वेळ आली की घरी तू गॅरेजमध्ये आणि स्टेडियमात तू बाहेरच्या बोळात, हॉट डॉगच्या खिडकीपाशी. चोपन्न वर्षं! या गावात तुझ्याइतके सामने कुणी पाहिले नसतील, आणि तू एकाचाही शेवट पाहिलेला नाहीस. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (मर्व्हच्या डोक्यात आलं, यावरून मी किती खाली गेलोय ते समज.)

आणि आता गेल्या जानेवारीचं. तो विषय मी टाळतोय हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. सामन्याचे चार सेकंद उरले होते. मी टीव्हीवरून नजर न काढता म्हटलं, "लोरेटा, गॅरेज." तू हातात फडकं, पायात सपाता, तशीच गेलीस. चेंडू खांबांमधून गेला. आम्ही सगळे रस्त्यावर पळालो, मर्व्ह बर्फात लोळला, मी एका अनोळखी पोस्टमनला मिठी मारली. आणि स्वयंपाकघराच्या बाजूने गॅरेजला मीच बसवलेली ती कडी, कचरा उपसणारे रॅकून आत शिरतात म्हणून, ती तुझ्यामागे आपोआप पडली होती. बाहेरचं मोठं दार तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून बिघडून बंदच होतं. तू पाऊण तास आत. तुझी आठवण कुणालाही झाली नाही, लोरेटा. आठवण झाली ती कोबीची, करपल्याचा वास आला म्हणून. आणि मी तणतणत दार उघडून तुला काय विचारलं, तर "चुलीकडे कुणाचं लक्ष आहे की नाही?" कोट घेतलास, गाडी काढलीस. एप्रिलात ॲरिझोना. आणि ज्या विजयासाठी हे सगळं झालं, त्याच्या पुढच्याच आठवड्यात टगे एकतीस गुणांनी हरले.

मर्व्ह तुला पनवती म्हणाला आणि मी हसलो, ते यानंतर आठ महिन्यांनी. मला लाज वाटते.

तर असं आहे सगळं. पॉलाला आशीर्वाद. डोळ्याला जप.

तुझा भाऊ,
यूजीन

ता. क. – कोबीत मीठ नेमकं किती घालायचं? खरं म्हणजे एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २ – ते खरं नाही. रविवारी ये. कडी मी काढून टाकली आहे. तिथे आता चार भोकं आहेत आणि काल एक रॅकून स्वयंपाकघरात येऊन मीठवाली कोबी हुंगून परत गेला. तुला उशीर झाला तरी सात नंबर रिकामीच असेल.

ता. क. ३ – जलद टपालाचं पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता पॉलाचा फोन आला होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, "काय गं, आई बघते का आपले सामने?" तर म्हणाली, "अंकल, सगळे बघते. पण शेवटची दोन मिनिटं राहिली की न बोलता उठते आणि गॅरेजमध्ये जाऊन उभी राहते. सप्टेंबरात तिथे एकशे सहा फॅरनहाइट होतं. मी म्हटलं, आई, हे काय खूळ? तर म्हणते, यूजीनचा संघ आहे, जिंकायला नको का?"

फोन ठेवून मी पायरीवर बसलो आणि सामने बोटांवर मोजले. लोरेटा, सोळाच्या सोळा वेळा तू गॅरेजमध्ये होतीस. आणि टगे आठ जिंकले, आठ हरले. म्हणजे तुझ्या उभं राहण्याने कधी काही झालंच नाही. ना चांगलं, ना वाईट. चोपन्न वर्षांत आम्ही फक्त तुला बाहेर काढलं.

तेव्हा रविवारी ये आणि शेवटपर्यंत बस. कुणी उठायलाच हवं असेल (मर्व्हचा आग्रह राहील, मलाही धीर धरवणार नाही), तर मी उठेन. मी बाहेर बोळात, हॉट डॉगच्या खिडकीपाशी उभा राहीन. सामना संपला की मला बोलवायला ये. विसरू मात्र नकोस.