भिंती पाडल्यापासून भांडण मिटत नाही

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर वाकले तर उठवायला माणूस लागतो). तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन घोरतात का? इकडे सगळे ठणठणीत. दिवसभर एकमेकांना नको इतके दिसतो, म्हणून खात्रीने सांगते.

निवृत्तीनंतर आपल्या खोलीत सुखाने बसावं म्हटलं, तर तुझ्या भाच्याने घरातल्या आतल्या सगळ्या भिंतीच पाडल्या. इंटिरियरवाला (वय लहान, दाढी मोठी) म्हणाला, "आजी, भिंती गेल्या की माणसं जवळ येतात." आली आहेत. मी चष्मा शोधू लागले की तुझा भाचा ऑफिसच्या मीटिंगमधून ओरडतो, "आई, डोक्यावर!" माझ्या दाराच्या जागी आता पडदा आहे. आपल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मदर सुपीरियरसुद्धा टकटक करून आत यायच्या. पडद्यावर कोण काय टकटक करणार? सून बिचारी बाहेर उभी राहून खोकते.

पण खरा घोटाळा वेगळाच आहे. सुनेचं नि माझं पूर्वी छान भांडण व्हायचं. ती तिचं दार आपटायची, मी माझं, आणि चहाच्या वेळी काही झालंच नाही अशा दोघी बाहेर यायचो. आता आपटायला दारच नाही! मंगळवारी कुकरच्या शिट्ट्यांवरून जुंपली (तीही मोजत होती, मीही, जुळल्या नाहीत), आणि शेवटचं टोचून बोलून झाल्यावर दोघी तशाच उभ्या. जायचं कुठे? मी ताठ मानेने पडदा ओढला, तो निम्म्यात अडकला, आणि तिलाच येऊन सोडवावा लागला. तेव्हापासून अबोला. थकले गं मी. धड रागावता येत नाही, रडू आलं तर कांदा चिरायला घ्यावा लागतो. काल तावातावाने खाली गेले, म्हटलं गाडीत तरी बसू, तर ही आधीच आत बसून डोळे पुसत होती. मी मागच्या सीटवर बसले नि दार ओढून घेतलं. बरं वाटलं.

तुझी,
धाकटी

ता. क. : तुझ्या मागच्या खोलीला आतून कडी आहे ना? महिनाभर येते.

ता. क. २ : फोन करू नकोस. इथे सगळ्यांना ऐकू जातं.

ता. क. ३ : सून खांद्यावरून वाचते आहे. मंगळवारनंतर आज पहिल्यांदा तोंड उघडलं : "मावशींना विचारा, कडीच्या खोल्या दोन आहेत का?" नसतील तर एक चालेल. आळीपाळीने आपटू.