पत्र्याच्या वैमानिकांचे चेहरे

प्रिय अब्बा,

उद्या मुंबईहून जुनी खेळणी जमवणारे एक गृहस्थ तुमची विमानं न्यायला येणार आहेत. मीच बोलावलंय. तुमच्या कपाटाला न विचारता कुणी हात लावलेला तुम्हाला खपत नसे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

रागावलात? रागवा! लोक बहारीनहून सोनं आणत, अत्तर आणत. आमचे अब्बा काय आणायचे, तर जुन्या बाजारातली पत्र्याची, खेळण्यातली लढाऊ विमानं! दिघीच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकतो का कुठे? तुमचा टिकला. दर जुम्म्याला शिलाई मशीनचं तेल लावून पुसत बसायचात. मला कधी पुसू दिलंत?

आणि दादीशी तो तुमचा वाद! विमानांवर छापलेले ते गुलाबी गालांचे वैमानिक, आणि त्याच खोलीत तिची नमाज. "चेहरं उघडं असलं तर फरिश्ते येत न्हाईत," ती म्हणायची. तुम्ही थोडेच चेहरे खरवडणार! रंग गेला की विमान गेलं, म्हणायचात. मग खळ लावून प्रत्येक चेहऱ्यावर कागदाचं चिठोरं डकवलंत. विमान बघावंसं वाटलं की कोमट पाण्यात कापूस बुडवून चिठोरं अलगद सोडवायचं, मन भरलं की नवं लावायचं. केवढा खटाटोप!

तुम्ही गेलात आणि चिठोरी आपोआप निघायला लागली. आधी वाटलं, दमट हवा. म्हणून मी ती घट्ट डिंकानं चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं, तर सगळे वैमानिक माझ्याकडे बघत होते. रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता. चिठोरी खालच्या फळीवर एकावर एक ठेवलेली, तुम्ही ठेवायचात तशी. शेजारी कापसाचा बोळा होता. हात लावला, तर अजून कोमट.

अब्बा, मी घाबरले. तुम्हाला घाबरायची वेळ यावी माझ्यावर? म्हणून त्या गृहस्थांना फोन केला. वाटलं, विमानं गेली की दादीला सुखानं नमाज पढता येईल आणि तुम्हीही मोकळे व्हाल.

आज सकाळी बोर्लीहून आणलेली खोकी घेऊन खोलीत गेले. दादीनं नमाजासाठी आपली जानमाज ओटीवर नेऊन अंथरली होती. कपाटापुढे तुमची वाटी होती आणि तिच्यातून वाफ येत होती.

"दादी, म्हणजे चिठोरी तू काढतेस?"

"मी? हात बघ माझं, कसं कापतात. चेहरा फाटंल."

"मग ही वाटी?"

"मी पानी तेवढं ठेवते. गार पान्यानं त्याला जमायचं न्हाय."

"आणि फरिश्ते?"

"त्यांना ओटीवर बोलावते."

खोकी मी तशीच रिकामी बाहेर आणली. आणि आत्ता हे लिहिता लिहिताच उठून त्या गृहस्थांना येऊ नका म्हणून कळवलं.

दादी आता थकली आहे, अब्बा. तिच्यानं होणार नाही तेव्हा पाणी मी ठेवीन, कबूल. फक्त वाटी ठेवून मी बाहेर पडेपर्यंत थांबा. दार मी लोटून घेईन.

तुमची भित्री,
रुबीना