उशीच्या आकाराचं घड्याळ

३ मार्च

तीर्थस्वरूप दादास, धाकट्या ठकीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा उजवा डोळा गेल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. तू कळवणार नव्हतासच.

आज माझ्याकडे दुरुस्तीला एक जुनं क्रोनोग्राफ, बटण दाबून सेकंद मोजायचं मनगटी घड्याळ, आलं. स्टीलची केस ना गोल, ना चौकोनी, फुगलेल्या उशीसारखी. काळी तबकडी उन्हानं पिकून तपकिरी झालीय. तिच्यात दोन छोट्या तबकड्या, तू रागावलास की डोळे वटारायचास तशा. मालकाला तबकडी नवी हवी होती. मी साफ नाही म्हटलं. दुरुस्तीच्या टेबलाशी बायकांचं काम नाही, असं म्हणून तू मला तुझ्या दुकानातून उठवलंस त्याला अकरा वर्षं झाली. एवढं तरी शिकले. तुला दाखवायला हवं होतं रे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ठकी

२१ मार्च

चि. ठकीस पोटभर आशीर्वाद.

अक्षर तुझ्या वहिनीचं, शब्द माझे.

तबकडी राखलीस, शाबास! रंग पिकायला चाळीस वर्षं लागतात, खरवडायला दोन मिनिटं. बटणं गोल की चपटी? कडेचे वेग मोजायचे आकडे शाबूत आहेत? सेकंदकाट्याचा लाल रंग उरलाय? सगळं लिही. दुकान मी बंद केलं. त्याचं काही वाटत नाही.

(खोटं! भिंग रोज काढून पुसत बसतात. – वहिनी)

तब्येतीला जप.
दादा

९ एप्रिल

दादास नमस्कार.

बटणं गोल, भुईछत्रीसारखी. आकडे मुंगीच्या पायाएवढे, पण पुसलेला एकही नाही. लाल काटा विटून गाजरी झालाय. बटण दाबलं की असा निघतो, जणू कुणी हाक मारायचीच खोटी होती. आणखी काय लिहू?

तुझीच,
ठकी

२ मे

चि. ठकीस आशीर्वाद.

घड्याळं पुरे. त्याची केस कळली. तुझ्या केसांचं काय? पांढरे झाले? चष्मा लागला? बाबांसारखी कपाळावर आठी पडते का?

तुला टेबलावरून उठवलं, कारण तुझा हात माझ्यापेक्षा हलका होता. मला ते सोसलं नाही. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो. लिहिता लिहिता तुझ्या वहिनीनं पेन खाली ठेवलं.

डाव्या डोळ्याला उजेडात माणसाचं तोंड अजून ओळखू येतं. डॉक्टर म्हणतात, आणखी दोनेक महिने.

राग असेल तर तो घेऊन ये, पण ये.
दादा

१४ मे

दादा,

रजा मिळाली. शुक्रवारी सकाळी पोचते. केसांबद्दल काही लिहीत नाही. वहिनीला म्हणावं, खिडकीचे पडदे काढून ठेव.

बाकी भेटीत.
ठकी